दुभाषी पाहिजे, जागा एक

माणसाने कोणाचा हेवा करावा याला काही रीतभात असते. शेजाऱ्याच्या नव्या फ्रिजचा करावा, साडूच्या बढतीचा करावा, बरोबर शिकलेल्याच्या नोकरीचा तर करावाच करावा. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, उलट चार लोक आपल्या शेजारी बसून सुस्कारे टाकतात. पण स्वतःच्या आईचा हेवा करणाऱ्याला चारचौघांत तोंड उघडायची सोय नाही. मी सहा महिने तोंड मिटून बसलो. पोटात दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, गॅस आहे. काय आहे ते मला पक्कं माहीत होतं, म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

मी जर्मन भाषा घेऊन पदवीधर झालो. त्यातही साहित्य हा माझा खास विषय. निकाल लागला त्या आठवड्यात मला अशी खात्री होती की कुठल्या तरी वकिलातीची मोटार आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहील, आणि गल्ली अरुंद असल्यामुळे साहेबांना घरापर्यंत चालत यावं लागेल, एवढीच काय ती अडचण. पाच महिन्यांत गल्लीत फक्त कचऱ्याची गाडी आली. आणि सहाव्या महिन्यात बातमी आली की मागचा बाक नोकरीला लागला.

मागचा बाक म्हणजे माझ्या मागच्या बाकावर बसणारा. आम्ही त्याला याच नावाने हाक मारायचो आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. या माणसाने तीन वर्षं माझ्या डाव्या खांद्यावरून जर्मन शिकली. परीक्षेत मी हात आखडून लिहायला लागलो की तो मागून घसा खाकरायचा. आणि आता तो एका जर्मन विमान कंपनीत काचेच्या काउंटरमागे टाय लावून बसला होता. मी काही मुद्दाम बघायला गेलो नव्हतो. त्या रस्त्याने माझं काम निघालं होतं. तीनदा निघालं. तिसऱ्या खेपेला त्याने मला काचेतून पाहिलं, बाहेर आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काय रे, अजून शोधतोयस?" ज्या खांद्यावर ठेवला तो डावाच होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी जर्मनमधल्या एका सुंदर म्हणीने त्याला उत्तर दिलं. त्याला ती कळली नाही. ती परीक्षेला आली नव्हती.

घरी जेवताना बाबा म्हणाले, "तो तुझ्या मागे बसायचा ना?"

"हो."

"मग तू पुढे बसून काय मिळवलंस?"

बाबा कमी बोलतात, पण जे बोलतात ते घासाबरोबर गिळता येत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आहेत. जिन्याच्या कठड्यावर रेलून खालच्या कुटुंबांना सल्ला पुरवणं हे काम त्यांनी त्यानंतर हाती घेतलं आणि या पुरवठ्यात आजवर एकदाही कपात केलेली नाही. "नोकरी शोधायची नसते," ते वरून म्हणाले. "नोकरीला आपण सापडायचं असतं. दारावर पाटी लाव." रंगारीही त्यांनीच आणला. 'जर्मन भाषेची सर्व कामे केली जातील' एवढं लिहून झाल्यावर पाटीवर जागा उरली. जागा वाया जाऊ नये म्हणून रंगाऱ्याने खाली एक मोठं बोट दाखवणारा हात काढला. बोट नेमकं आमच्या मोरीकडे जात होतं.

पाटी लागल्यावर कामं आली, नाही असं नाही. समोरच्या काकू कोणीतरी परदेशातून आणलेल्या मलमाची नळी घेऊन आल्या. ते मलम त्या दोन वर्षं गुडघ्याला चोळत होत्या. मी वाचून सांगितलं की ते कातड्याच्या बुटांना लावायचं आहे. काकूंनी माझ्याशी बोलणं सोडलं. मलम सोडलं नाही, कारण गुण येत होता. त्यानंतर कोपऱ्यावरच्या घरातले निवृत्त फौजदार त्यांचा कुत्रा घेऊन आले. कुत्रा जर्मन जातीचा, धिप्पाड, कान उभे, आणि कोणाचं काडीइतकंही न ऐकणारा. "आमची भाषा त्याला कळत नसावी," फौजदार म्हणाले. "तुम्ही त्याच्या भाषेत सांगून बघा."

आता कुत्रा झाला तरी प्रथमच भेटत होतो. मी त्याला अदबीने, आदरार्थी रूप वापरून, कृपया आसन ग्रहण करण्याची विनंती केली. कुत्र्याने जांभई दिली आणि माझ्या पायरीवर तंगडी वर केली. तेवढ्यात आतून, शिलाई मशीनवरून, आई कडाडली, "झिट्स!" कुत्रा खाली बसला. फौजदारही बसले.

इथे आईबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे जर्मन आली तेव्हापासून संध्याकाळी आई माझे 'शब्द घ्यायची'. ती मशीनवर उशांचे अभ्रे शिवायची, माझी वही तिच्या डाव्या हाताला उघडी असायची आणि मी खोलीत येरझारा घालत शब्द म्हणायचो. आईला त्या लोकांची अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून दर वर्षी सुरुवातीच्या उत्साहात मी पुस्तकातले यच्चयावत शब्द वहीत आपल्या अक्षरांत उतरवून द्यायचो आणि पुढे अर्थ. मी चुकलो की मशीन थांबायचं. आई रागवायची नाही. नुसतं मशीन थांबायचं. त्या शांततेची मला अजून धास्ती आहे. 'अवजारे आणि यंत्रे' हा धडा मात्र मी सरळ सोडून दिला होता. साहित्याच्या माणसाला पक्कड कशाला लागते? "तो राहिलाय रे," आई दर आठवड्याला म्हणायची. तिला अर्धवट राहिलेली कुठलीच गोष्ट बघवत नाही. शेवटी तिने तो धडा एकटीनेच केला, भांडी घासता घासता. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं. हसायचं असतं तेव्हा माणसाने जरा आजूबाजूला बघून हसावं.

पाटीने भागेना, तेव्हा काकांनी मला रोजगार कचेरीत नाव नोंदवायला पाठवलं. तिथल्या कारकुनाकडे धंद्यांची छापील यादी होती. सुतार होता, सुईण होती, शिंपले गोळा करणारा होता. भाषा नव्हती.

"जर्मन म्हणजे नेमकं काय करता?" त्याने विचारलं.

"बोलतो, लिहितो, भाषांतर करतो."

"बोलतात सगळेच हो. हाताने काय करता?"

बराच विचार करून त्याने मला 'उद्घोषक व दवंडीवाले' या सदरात घातलं. त्यातून मला एकच बोलावणं आलं, बस स्थानकावर हरवलेल्या मुलांची नावं पुकारायचं. मी आवाजाच्या चाचणीत नापास झालो. शिवाय पदवीबरोबर मी केलेली पदविका जर्मन संस्थेने दिलेली, म्हणजे मजकूर जर्मनमध्ये. तिचं अधिकृत भाषांतर जोडा, असं कारकून म्हणाला. मी म्हणालो, भाषांतरकार मीच आहे. तो म्हणाला, तुम्ही भाषांतरकार आहात हे भाषांतर आल्याशिवाय कसं समजायचं? त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही सिद्ध करता येत नाही. गावात शिक्का मारायचा अधिकार असलेली एकच जागा होती. विमान कंपनी. मागच्या बाकाने माझ्या पदविकेचं भाषांतर केलं, म्हणजे मी सांगितलं आणि त्याने लिहिलं, आणि वर आपला गोल शिक्का हाणला. शिक्का पुसट उठला म्हणून दुसऱ्यांदा हाणला. तेव्हा माझ्या छातीत जे झालं त्याला मराठीत जळफळाट म्हणतात आणि जर्मनमध्ये त्याहून लांब शब्द आहे.

मग एक दिवस काका जिन्यावरून शेजाऱ्यांचं वर्तमानपत्र हलवत खाली आले. बरण्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्याने जाहिरात दिली होती: 'दुभाषी पाहिजे. जर्मन. जागा एक.' कारखान्याने परदेशातून झाकणं ठोकायचं नवं यंत्र आणलं होतं, ते जोडायला यंत्राबरोबर एक फिटर आला होता, आणि तो जर्मन सोडून काही बोलत नव्हता. तीन आठवडे चाचणी, मग कायम. पुढे आणखी चार यंत्रं यायची होती. मी गेलो आणि तिथल्या आस्थापना अधिकाऱ्यांनी मला तिथल्या तिथे चाचणीवर घेतलं, कारण दुसरा कोणी आलाच नव्हता. अधिकारी किरकोळ देहाचे, पण त्यांच्या टेबलावर नियमांचं जे पुस्तक होतं ते त्यांच्यापेक्षा वजनदार असावं.

मी आईला सांगितलं, बाबांना सांगितलं, जिन्याला सांगितलं. विमान कंपनीच्या रस्त्याने माझं पुन्हा एक काम निघालं.

पहिल्या दिवशी मी स्वागताचं छोटंसं भाषण तयार करून गेलो होतो. जर्मनमध्ये वाक्य जरा सजवलं की क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. माझं क्रियापद येईपर्यंत फिटर यंत्राखाली शिरला होता. त्यानंतर मला दिवसभर त्याचे फक्त बूट दिसले. थोड्या वेळाने बुटांच्या दिशेने आवाज आला, "उंटरलेगशाइबे!"

हा शब्द मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. पण भाषेचा अभ्यासक डगमगत नसतो. तो शब्द फोडतो. 'खाली', 'ठेवणे' आणि 'चकती'. मी जमलेल्या कामगारांकडे वळून जाहीर केलं, "साहेबांना खाली ठेवायची चकती हवी आहे."

कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातले दोघे पळत जाऊन उपाहारगृहातून तीन बश्या घेऊन आले. फिटर बाहेर आला. त्याने तिन्ही बश्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खूण करून चहा मागवला. नंतर तो स्वतःच भांडारात गेला आणि काहीतरी बारीकसं मुठीत घेऊन परत यंत्राखाली शिरला. ते काय होतं हे मला दिसलं नाही, आणि विचारणं माझ्या पदवीला शोभलं नसतं.

"कसा गेला दिवस?" आईने विचारलं.

"त्याची जर्मन फार अशुद्ध आहे," मी म्हणालो.

"नाचता येईना अंगण वाकडं," बाबा वर्तमानपत्रातून म्हणाले.

दुसरा दिवस त्याहून बरा जाईल असं धरून मी निघालो, आणि तिथेच चुकलो. फिटरने यंत्र जोडत आणलं होतं. पुढची जाळी अजून बसायची होती, म्हणून त्याने मला काहीतरी बजावलं. त्याचा आशय असा की मी सांगेपर्यंत हिरव्या खटक्याला कोणी हात लावायचा नाही. मी पहिल्या दिवसाचा डाग धुऊन काढायचा म्हणून वाक्य जरा भारदस्त केलं. "हिरवा खटका," मी सुरुवात केली, "जो आपल्या सर्वांच्या उजव्या हाताला आहे, तो आपण सर्वांनी मिळून, साहेबांचा इशारा होईपर्यंत..." यंत्रावर उभा असलेला माणूस कामसू होता. 'हिरवा खटका' आणि 'सर्वांनी मिळून' एवढं कानावर पडताच त्याने तो दाबला.

झाकणं कशी उडतात हे मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. पहिली शंभरएक छताला लागली. पुढची अधिकाऱ्यांच्या केबिनच्या काचेवर ताशा वाजवल्यासारखी आदळली. कामगार टेबलांखाली, फिटर आपल्या पेटीमागे, आणि मी मधोमध उभा, कारण माझं क्रियापद अजून बाकी होतं. 'दाबू नये,' मी म्हणालो तेव्हा एक झाकण माझ्या कपाळावर बसलं होतं. कारखान्याचं नाव कपाळावर चांगलं चार दिवस वाचता येत होतं.

अधिकाऱ्यांनी मला बोलावून सभ्यपणे विचारलं, "तुम्ही नक्की जर्मनच शिकलात ना?"

तिसऱ्या दिवशी मी घरून इतका अस्वस्थ निघालो की डबा विसरलो. आई तो घेऊन फाटकावर आली. पहारेकऱ्याने "जर्मनवाल्यांच्या घरचं माणूस" म्हणून तिला सरळ आत सोडलं. ती आली त्या क्षणाचं चित्र मी अजून विसरलेलो नाही. यंत्राखालून बूट बाहेर आलेले, बूट ओरडतायत "उंटरलेगशाइबे!", आणि मी गुडघ्यांवर बसून शब्दकोशाची पानं उलटतोय. माझा शब्दकोश साहित्यिक होता. त्यात 'विरह' या अर्थाचे सात शब्द होते.

"अरे, वायसर मागतोय तो," आई म्हणाली. "नळात असतो तसा."

भांडाराच्या खिडकीकडे जाऊन तिने मधल्या मापाचा वायसर मागून घेतला, परत आली, पदर खोचून वाकली आणि यंत्राखाली हात घातला. मग आतून आभार आले, "डांके."

"बिटे, बिटे," आई म्हणाली. "ग्रोस? क्लाइन?" म्हणजे मोठा की लहान, एवढं विचारायलाही ती विसरली नाही.

फिटर सरपटत बाहेर आला आणि उभा राहिला. तीन दिवसांत मी त्याला प्रथमच सबंध पाहत होतो. फार उंच होता. त्याने आईकडे पाहिलं, वायसरकडे पाहिलं आणि मोठ्याने हसायला लागला. मग त्याने भडाभडा काहीतरी विचारलं, आईने भडाभडा उत्तर दिलं. काय जर्मन ती! आपल्यासारखीच त्या भाषेतही तीन लिंगं आहेत. आई सगळ्यांना एकच लावत होती. क्रियापद सापडेल तिथे ठेवत होती. मी कानांवर हात ठेवले.

"तुला हा शब्द आठवला कसा?" मी नंतर दबक्या आवाजात विचारलं.

"उंटावरून," आई म्हणाली. "उंट म्हटलं की पुढचं येतं."

म्हणजे उंट तिच्याकडे होता आणि शहाणा मी होतो. त्या दिवशी ती डबा द्यायला आलेली चार तासांनी घरी गेली. कामगारांना तिने सगळं दोन-दोन शब्दांत सांगितलं: "हे धरा. ते सोडा. हात काढा. आता दाबा." यंत्र चालू झालं. झाकणं एकामागून एक शहाण्या मुलांसारखी पेटीत पडत गेली. कामगार तिला मावशी म्हणायला लागले. मला ते अजून 'ओ' म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी फिटरने आल्या आल्या विचारलं, आई कुठे आहे? त्यामुळे मी त्या दिवशीही डबा विसरलो. म्हणजे अधिकाऱ्यांनी मला तो विसरायला सांगितलं. पुढचे पंधरा दिवस मी रोज डबा विसरत होतो आणि आई रोज तो घेऊन सकाळी नऊ वाजता, माझ्याबरोबरच, यायची.

आता मन मोकळं करतो. मला आईचा भयंकर हेवा वाटला. मागच्या बाकाचा वाटला होता तो काहीच नव्हे. त्याच्याबद्दल निदान म्हणता येत होतं की हा चोर आहे. आईने काय चोरलं होतं? मी खोलीभर फेऱ्या मारत सांडलेलं तिने वेचलं होतं. फिटर तिला आपल्या मुलीचा फोटो दाखवायचा. तीन वर्षं मी त्याच्या देशातल्या कवींची चरित्रं घोकली, मला एकाही जर्मन माणसाने कसला फोटो दाखवलेला नाही. ती हसली की तो हसायचा. मी हसलो की तो थांबून 'काय झालं?' असं विचारायचा. संध्याकाळी घरी आल्यावर आई बाबांना दिवसभराच्या गमती सांगायची आणि बाबा वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकायचे. माझ्यासाठी ते कधी खाली आलं नव्हतं. बाबा हळूहळू स्वतःचा चहा स्वतः करायला शिकले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं काका जिन्यावरून रोज म्हणायचे. मला त्या जिन्याचासुद्धा राग यायला लागला.

आणि आईला यातलं काही कळत नव्हतं असं नाही. एके दिवशी परतताना ती म्हणाली, "अरे, मी उद्यापासून येत नाही. तू सांभाळ."

"तसं कसं? यंत्र अडेल," मी म्हणालो. हे मी चांगुलपणाने बोललो नाही. यंत्र अडलं असतं तर कोणाकडे बघितलं गेलं असतं हे मला माहीत होतं.

"मला आवडतं रे तिथे," आई जरा वेळाने म्हणाली. "कोणीतरी विचारतं आणि मला येत असतं." हे ती रस्त्याकडे बघत बोलली.

तीन आठवडे संपले. अधिकाऱ्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. काच नवी बसवलेली होती. "जागा एक आहे," ते म्हणाले. "यंत्रावरच्या सगळ्यांनी तुमच्या मातोश्रींचं नाव दिलंय. फिटर साहेबांनीही जायच्या आधी लिहून दिलंय. पण नियमाप्रमाणे पदवी लागते. ती तुमच्याकडे आहे."

माझा जीव भांड्यात पडला.

"मात्र," त्यांनी पुस्तक उघडलं, "पदवी नसल्यास त्या भाषेच्या पदवीधराने उमेदवाराची परीक्षा घेऊन शंभरपैकी किमान चाळीस मार्कांचा दाखला द्यावा. उमेदवार नापास झाल्यास जागा पदवीधराला, म्हणजे तुम्हाला. आता परीक्षेला पदवीधर कोण आणायचा? विमान कंपनीत एक गृहस्थ आहेत म्हणे, शिक्कावाले. त्यांना बोलावू?"

माझ्या डोळ्यांसमोर मागचा बाक आला. या खुर्चीत टाय लावून बसलेला. माझ्या आईला प्रश्न विचारतोय. आणि ते प्रश्न त्याला येत नाहीयेत.

"नको," मी म्हणालो. "मी घेतो."

"मुलाने आईची घेऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही," अधिकारी पुस्तक चाळत म्हणाले. "मी कालच पाहून ठेवलंय."

अशा रीतीने, मला हवी असलेली नोकरी आईला मिळावी की नाही, हे ठरवायला मी आईसमोर बसलो. आईने पदर नीट केला, हात मांडीवर ठेवले. ती घाबरली होती. तिला घाबरलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय.

व्याकरणाचे वीस मार्क होते. मी तिला लिंगं विचारली. टेबलाला, खिडकीला, दिव्याला, सगळ्यांना तिने एकच लिंग दिलं. "नातं विचारत बसायला वेळ कोणाला असतो?" ती म्हणाली. मी दोन मार्क दिले. एकदा तरी ते लिंग बरोबर आलंच होतं. मग वाचनाचे वीस. मी यंत्राचं माहितीपुस्तक तिच्यापुढे केलं. तिने ते हातात घेतलं, त्यावरून बोट फिरवलं आणि परत ठेवलं.

"ही अक्षरं मला येत नाहीत," ती म्हणाली. "तुला माहीतच आहे ते."

माहीत होतंच. म्हणूनच पुस्तक पुढे केलं होतं. मी शून्य लिहिलं. चाळीसपैकी दोन झाले होते. माझ्या मनात कोणीतरी टाळी वाजवली, आणि ती वाजली याची मला लाज वाटली. लाज वाटूनही ती थांबली नाही, हेही सांगायला हवं.

उरलेले साठ समजण्याचे आणि बोलण्याचे. मी त्याच पुस्तकातला सर्वांत अवघड परिच्छेद वाचला. मलाही तो पुरता कळत नव्हता. आई डोळे मिटून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने डोळे उघडले. "पत्रा अडकला तर हात घालू नका. आधी यंत्र बंद करा, मग पट्टा सैल करा, मग काढा. आणि मधला वायसर दर महिन्याला बदला, नाहीतर हाताला लागेल." मग तेच तिने जर्मनमध्ये सांगितलं, तिच्या त्या मोडक्यातोडक्या, सगळ्यांना एकाच घरात बसवणाऱ्या जर्मनमध्ये. बाहेर चालू यंत्राजवळ उभं राहून ऐकलं असतं तरी कळलं असतं. समजण्याचे तीस. बोलण्याचे तीस. तिथे मला एकही मार्क कापता येईना. पेन्सिलीने बेरीज केली, बासष्ट.

"परीक्षकाचे स्वतःचे मार्क टक्क्यांत लिहायचेत," अधिकाऱ्यांनी अर्जावरचा रकाना दाखवला. "पदवीचे."

"अठ्ठावन्न," मी म्हणालो.

त्यांनी ते आकडे शाईने लिहिले. मग माझ्यापुढचा कागद वाट बघायला लागला. एका रकान्यात अठ्ठावन्न, दुसऱ्यात बासष्ट, आणि हा कागद कारखान्यात कायमचा राहणार. मी आईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर, यंत्राकडे बघत होती. मी खोडरबर घेतलं. बोलण्याचे तीस होते त्यांचे पंचवीस केले आणि शाईने बेरीज लिहिली. सत्तावन्न.

"उत्तीर्ण," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी आईपुढे सहीसाठी कागद सरकवला. आईने तो लांब धरून पाहिला. ती अक्षरं आपली होती. ती सावकाश वाचत होती. सही करून ती उठली.

फाटकाबाहेर पडून आम्ही घराचा रस्ता धरला.

"बोलण्याचे पाच कुठे कापलेस?" तिने विचारलं.

"उच्चारांचे," मी म्हणालो.

आईने मान हलवली. "बरोबर कापलेस," ती म्हणाली. "तेवढे मी तुझे ऐकून शिकले."